बाटलीताई आणि बावीस वर्षांचं स्वच्छ पाणी

बाटलीताई पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांनी दारातच चपला काढल्या. आता प्रयोगशाळेत चपला काढायच्या नसतात. फरशीवर काय सांडलेलं असेल याचा नेम नाही, ॲसिडचा एक थेंब तळपायाला लागला की भला माणूस नाचायला लागतो. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, ओ बाई, आधी चपला घाला. त्या दचकल्या, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच दोन पावलं आत येऊन मला विचारलं, घालून आलेलं तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, चालेल काय, पळेल. तेव्हा कुठे घातल्या.

बाई कशी होती ते यावरून कळावं. कोणाला आपला त्रास नको, ही त्यांच्या जन्माची काळजी. बसमध्ये दोन माणसांच्या बाकावर तिसऱ्या बसल्या तर आख्खा रस्ताभर पाऊण बूड हवेत ठेवायच्या. माझा स्वभाव नेमका उलटा. मला लोकांचा त्रास होतो आणि मी तो बोलून दाखवतो. तरी आमचं जमलं, कारण कामात त्या चोख होत्या आणि चोख माणूस मला आवडतो, मग तो कसाही असो.

त्यांचं काम असं. ओढ्याच्या काठाने एक खोरं होतं, त्यात अकरा शेतघरं. प्रत्येकाचा गोठा, प्रत्येकाची विहीर, आणि खोरं संपतं तिथे एक मोठं गाव, जे त्याच ओढ्याच्या काठच्या विहिरीचं पाणी पितं. दर महिन्याला ताईंनी अकरा विहिरींचं आणि ओढ्याचं तीन ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि चारच्या आत माझ्याकडे पोचवायचं. मी त्यात नायट्रेट किती ते काढायचं. शेणखत आणि युरिया जास्त झाला की पिकाला लागतं तेवढं पीक घेतं, उरलेलं मातीतून पाझरून पाण्यात जातं. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. लिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक, वर गेलं तर धोका, मुख्यतः तान्ह्या मुलांना; त्यांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

दर खेपेला चौदा बाटल्या, बर्फाची पेटी आणि खांद्याला ती खाकी पिशवी. बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळायची, काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये. लेबलवर अक्षर इतकं सुबक, की वाटावं लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता घातलाय. खोऱ्यातल्या लोकांनी त्यांचं नाव बाटलीताई पाडलं. एकदा एका घरात नवी सून आली होती, तिच्या कानावर पडलं की आज बाटलीताई यायच्यात, तर बिचारीची पाचावर धारण बसली. नवऱ्याला एकीकडे घेऊन विचारते, रोज येतात की महिन्यातून एकदाच? ही गोष्ट ताईच आम्हाला सांगायच्या आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

बावीस वर्षं हे चाललं, आणि बावीसही वर्षं त्या कंत्राटी. अकरा महिन्यांचा कागद, मग एक दिवस नोकरी नाही, मग पुन्हा अकरा महिन्यांचा कागद. त्या एका दिवशी त्या घरी बसून डबे घासायच्या. यजमान शिंपी होते, चौकातल्या गल्लीत दुकान, मागे दोन खोल्या. अलीकडे त्यांना सुईत दोरा ओवता येईना. ताई सकाळी निघताना दहा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून जायच्या. त्यामुळे कायम होणं ही त्या घरात चैनीची गोष्ट नव्हती. आणि त्या वर्षी ती फाइल खरोखर हलली होती. वरून शेरा आला होता, की बावीस वर्षांच्या नोंदी, एकही तक्रार नाही, एकही नमुना बाद नाही, यांना घ्यावं. दोन-तीन महिन्यांत ऑर्डर निघणार हे ऑफिसात शिपायालाही ठाऊक होतं.

आता त्या योजनेबद्दल. सरकार शेतकऱ्यांना अनुदान देतं, ते कशाला? तर उकिरडा उघड्यावर न ठेवता तळाला आणि बाजूंना पक्का खतखड्डा बांधायला, ओढ्याच्या कडेने दहा पावलं रुंद गवताचा पट्टा राखायला, आणि मातीची तपासणी करून जेवढं हवं तेवढंच खत घालायला. योजना चांगली. माझ्यासारखा खवट माणूस म्हणतोय म्हणजे चांगलीच असणार. पण पैसा सगळ्यांना पुरत नाही, म्हणून नियम असा, की ज्या खोऱ्याचं पाणी मागची पाच वर्षं सर्वांत वाईट, त्याचा नंबर पहिला. आमच्या ताईंच्या खोऱ्याचा नंबर कायम शेवटून पहिला. सतरा, एकोणीस, अठरा, असे आकडे. गावाच्या कचेरीत 'स्वच्छ पाण्याचे खोरे' म्हणून दाखला चौकटीत लावलेला होता आणि त्याच्याखाली बसून लोक मोठ्या ऐटीत शेजारच्या खोऱ्याला नावं ठेवायचे.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. ते आकडे मला खटकले होते. दुसऱ्या खोऱ्यांचं पाणी पावसानंतर उसळी मारायचं, खत पडलं की चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. ताईंचं पाणी बारा महिने नाकासमोर चालायचं. एकदा, या सगळ्याच्या आठ-नऊ वर्षं आधी असेल, मी त्यांना विचारलंही. म्हटलं, तुमच्या खोऱ्यातलं पाणी एवढं सरळ कसं हो? त्या म्हणाल्या, माणसंच सरळ आहेत तिथली. आम्ही दोघं हसलो आणि मी पुढची बाटली घेतली. वाईट आकडा निघाला की पुन्हा तपासा, तीन फॉर्म भरा, वर कळवा, वरच्याची बोलणी खा. चांगल्या आकड्याला कोणी काही विचारत नाही. मी मूग गिळून गप्प बसलो असं म्हणणार नाही; मी विसरून गेलो. पण विसरायला सोयीचं होतं म्हणून विसरलो.

मग ते बाळाचं झालं.

त्या अकरा घरांतलं एक घर ताईंच्या थोरल्या बहिणीचं. बहिणीच्या मुलाला, म्हणजे ताईंच्या भाच्याला मुलगी झाली होती. भाचेसुनेला दूध पुरत नव्हतं म्हणून बाळाला बाटलीचं दूध, विहिरीच्या पाण्यात कालवलेलं. पोर अडीच महिन्यांची असताना एका सकाळी तिचे ओठ निळसर दिसायला लागले. थंडी वाजली असेल म्हणून आधी दुपटी गुंडाळली. तासाभरात नखं निळी झाली आणि पोर रडेना. दवाखान्यात नेलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, घरात विहिरीचं पाणी आहे का?

भाचा शिकलेला. त्याने सांगितलं, आहे, पण आमची विहीर दर महिन्याला तपासली जाते, माझी सख्खी मावशीच तपासते. खिशातून मोबाइल काढून गेल्या महिन्याच्या अहवालाचा फोटोही दाखवला. खाली ताईंची सही, माझी सही, आकडा अठरा. भाचेसून म्हणाली, शिवाय मी पाणी वीस मिनिटं खळखळून उकळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते वाढतं. तो कागद बाजूला ठेवा आणि पाणी बदला.

पोर वाचली. चौथ्या दिवशी घरी आली, हातपाय झाडायला लागली. सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको.

ताई दवाखान्यात गेल्या होत्या आणि हे सगळं बोलणं त्यांच्यासमोर झालं होतं. भाच्याने फोटो दाखवला तेव्हा त्या त्याच्या मागे उभ्या होत्या. तिथून त्या घरी आल्या नाहीत. बस धरून थेट खोऱ्यात गेल्या, बहिणीच्या घरी चिटपाखरू नव्हतं, सगळे दवाखान्यात. विहिरीवर गेल्या, बाटली तीनदा विसळली, भरली, आणि चारच्या आत माझ्या टेबलावर आणून ठेवली. लेबल लावलं होतं. अक्षर नेहमीसारखंच होतं.

मी तपासलं. एकशे अठरा. मला वाटलं, तपासायचं औषध जुनं झालं असेल. नवी बाटली फोडली, पुन्हा तपासलं. एकशे एकवीस. मी ताईंवरच घसरलो, म्हटलं, बाटली कशाची होती, आधी काय होतं तीत, घाईत विसळली नसेल. मी तिसऱ्यांदा तपासायला घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. बरोबर आहे ते."

पण मग गेल्या महिन्यातलं अठरा कुठून आलं? ते पाच दिवसांनी कळलं. पोर घरी आली होती, बहीण जरा सावरली होती. ताईंनी तिला साधंच विचारलं, की मी नमुना न्यायला येते त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही विहिरीचं काही करता का?

बहिणीला प्रश्नच कळेना. म्हणाली, "अगं, तुझा फोन आला की यांना सांगून मोटार लावते ना मी. संध्याकाळपासून विहीर उपसून काढतो. सकाळी ताजं पाणी आलेलं असतं. तू एवढी उन्हातान्हातून येणार, तुला काय शिळं पाणी भरून देऊ?"

तर हे असं होतं. ताई कधीही न सांगता कोणाकडे जायच्या नाहीत. आदल्या दिवशी दुपारी अकराच्या अकरा घरी फोन. उद्या येतेय हं, तुमची कामं थांबवू नका, मी आपली जाईन विहिरीवर आणि निघेन. नियमात फोन करा असं कुठे नव्हतं, करू नका असंही नव्हतं. अचानक जाऊन उभं राहणं त्यांना बरं वाटायचं नाही, इतकंच. आणि फोन आला की खोरं कामाला लागायचं. बहिणीच्या विहिरीला तळाला खडकातला झरा आहे, त्याचं पाणी चोख. उकिरड्याकडून पाझरणारं पाणी वरच्या मातीतून हळूहळू येतं, विहिरीत उतरायला त्याला पाच-सहा दिवस लागतात. म्हणजे विहीर उपसली की दुसऱ्या सकाळी जे पाणी असायचं ते नुसतं खडकाचं. ताई ते भरून न्यायच्या. आठवडा सरला की घरचे उरलेला महिना दुसरंच पाणी प्यायचे.

ताई बाकीच्या दहा घरी फिरल्या. या खेपेला फोन न करता, पण रागावून नाही, बसून, चहा घेऊन. सगळ्यांनी हौसेनं सांगितलं. एक जण फोन आला की गोठ्याच्या मोरीत पोती कोंबून ओढ्याकडे जाणारं पाणी अडवायचा. दुसऱ्या घरची म्हातारी पोहऱ्याने चारशे वेळा पाणी काढायची, मोटारीवर तिचा विश्वास नव्हता. एकाने तर विहिरीच्या पायऱ्या घासून घेण्यासाठी मजूर लावलेला. कोणाच्याही मनात शेंडी लावायचं नव्हतं. सरकारच्या घरून आपल्या ताई यायच्यात, आपलं पाणी नापास होऊ नये आणि त्यांना कमीपणा येऊ नये, एवढाच विचार. त्या म्हातारीने तर ताईंना सांगितलं म्हणे, की पोरी, तुझी नोकरी टिकावी म्हणून मी कंबर मोडून घेतली बघ.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या. मी त्यांना बावीस वर्षांत स्टुलावर बसलेलं पाहिलं नव्हतं, कायम उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, मी पाण्याचे नमुने घेतलेच नाहीत हो. बावीस वर्षं मी पाहुणचाराचे नमुने घेतले."

आता पुढे काय करायचं? योजनेच्या कचेरीत ज्या मॅडम होत्या, तरुण होत्या, पण नियम पाठ आणि माणूस सरळ. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मॅडमनी फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. म्हणाल्या, नवा नमुना एकशे वीसचा असला तरी मागची पाच वर्षं अठरा दिसतात, तेव्हा हा एक नमुना अपवाद धरला जाईल आणि खोरं यादीत येणार नाही. यादी महिनाअखेर बंद होते, पुढची पाच वर्षांनी. एकच वाट आहे. नमुने घेणाऱ्यानेच लेखी द्यायचं, की जुने नमुने चुकीच्या रीतीने घेतले गेले, ते सगळे बाद धरा. मग आम्ही आमच्या माणसांकडून न कळवता नवे तीन नमुने घेऊ आणि तेच पायाचे धरू. हे सांगून झाल्यावर मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं, की तुमची कायम होण्याची फाइल कशाच्या जोरावर गेली आहे, ते तुम्हाला माहीत आहे ना?

माहीत होतंच. एकही नमुना बाद नाही, याच जोरावर गेली होती. आता त्यांनी स्वतःच लिहून द्यायचं, की माझा एकूण एक नमुना बाद.

मी त्यांना समजावलं. चांगलं अर्धा तास समजावलं, आणि मी सहसा कोणासाठी पाच मिनिटं घालवत नाही. म्हटलं, दोन महिने थांबा. ऑर्डर हातात पडू द्या, एकदा कायम झालात की मग काय हवं ते लिहा, फार तर ताशेरे येतील. त्या म्हणाल्या, यादी महिनाअखेर बंद होते. मी म्हटलं, भाच्याला सांगा, पाण्याचे कॅन विकत आणा, पोरीपुरतं भागेल. त्या म्हणाल्या, आणखी दहा घरं आहेत आणि खालचं गाव आहे, तिथे किती तान्ही पोरं आहेत ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, आजपर्यंत काही झालं नाही ना त्यांना? हे बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. आजपर्यंत काही झालं नाही हे आम्हाला कशावरून कळणार होतं? आमच्याच कागदांवरून.

घरी यजमानांना त्यांनी विचारलं. यजमान कमी बोलणारे, त्यातून तोंडात कायम टाचण्या. त्या दिवशी टाचण्या काढून म्हणाले, "उसवायचंच असेल तर पूर्ण उसव. अर्धं उसवलेलं कापड पुन्हा शिवायला माझ्याकडे आणू नकोस." एवढं बोलून त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या. हे ताईंनी मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

त्यांनी लिहिलं. दीड पान, त्याच पत्रिकेवरच्या अक्षरात. कोणावर खापर फोडलं नाही. शेतकऱ्यांनी असं केलं असं नाही लिहिलं; मी पूर्वसूचना देत असे, त्यामुळे नमुने नेहमीच्या वापरातल्या पाण्याचे राहिले नाहीत, असं लिहिलं. दोष सगळा त्या फोनचा, म्हणजे स्वतःचा. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, कारण सोबत जोडायच्या छापील फॉर्मवर खाली प्रयोगशाळेचा रकाना होता. त्यात एकच प्रश्न. सदर नमुन्यांच्या निष्कर्षांबाबत प्रयोगशाळेस पूर्वी कधी शंका आली होती काय?

त्या वेळी माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते. हे कारण म्हणून सांगत नाही, होते म्हणून सांगतो.

ताईंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, पाणी एवढं सरळ कसं म्हणून. आठवतं का? मी म्हटलं, हो, काहीतरी विचारलं होतं खरं. मग मी पेन उघडलं. 'होय' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की मग तुम्ही कळवलं का नाही. मी 'नाही' लिहिलं. खाली सही, शिक्का, तारीख. ताईंनी वाचलं. शाई ओली होती म्हणून हलकेच फुंकर मारली, कागद फोल्डरमध्ये सरकवला, म्हणाल्या, येते भाऊ. आणि गेल्या.

पुढचं सरकारी गतीने, पण झालं. मॅडमनी आपली माणसं न सांगता पाठवली. तीन घरच्या विहिरींचे आकडे आले, एकशे नऊ, एकशे एकतीस, सत्त्याण्णव. खोरं यादीत शेवटून पहिलं होतं ते वरून दुसरं झालं. खोऱ्यात मात्र आग लागली. दाखल्याची चौकट उतरवावी लागली, शेजारच्या खोऱ्यातले लोक मुद्दाम कचेरीत येऊन रिकामा खिळा बघून जायला लागले. आमच्या पाहुणचाराला नावं ठेवली म्हणून बहीण दीड वर्ष ताईंशी बोलली नाही. ती कंबर मोडलेली म्हातारी तर दारात उभं करेना.

ताईंचा अकरा महिन्यांचा कागद संपला. मधला एक दिवस आला, त्यांनी डबे घासले असतील. पुढचा कागद आला नाही. कायम होण्याच्या फाइलवर एका ओळीचा शेरा पडला: नोंदी अविश्वसनीय, प्रकरण बंद. त्यांच्या जागी आता दोन मुली आहेत, मोटारसायकलवर फिरतात, कोणाला फोन करत नाहीत. बाटलीत बुडबुडे राहतात.

अनुदान मिळालं. अकरा पक्के खतखड्डे झाले, ओढ्याच्या दोन्ही काठांनी गवत उभं राहिलं. आधी लोक कुरकुरले, एवढी जमीन गवताला द्यायची म्हणून, मग तेच गवत कापून गुरांना घालायला लागले आणि कुरकुर बंद झाली. मातीच्या अहवालांवरून कळलं, की अर्धं खत उगाच पडत होतं. पहिल्या वर्षी पाणी फारसं उतरलं नाही, जमिनीत मुरलेलं निघायला वेळ लागतो. माझ्या शेवटच्या महिन्यात बहिणीच्या विहिरीचा आकडा पहिल्यांदा शंभरच्या खाली आला, अठ्ठ्याऐंशी. निरोपसमारंभात साहेबांनी माझ्या अचूकतेवर भाषण केलं. शाल दिली. टाळ्या झाल्या. मी घरी येऊन शाल कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि बायकोवर उगाच डाफरलो.

निवृत्त माणसाला वेळ असतो आणि वेळ फार वाईट. तिसऱ्या वर्षी मी लॅबमध्ये जाऊन नव्या पोराकडून ताजे आकडे मागून घेतले आणि एक पँट घेतली, जिची उंची अगदी बरोबर होती, आणि शिंप्याच्या गल्लीत गेलो. यजमान आत झोपले होते, आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. मशीनवर ताईच होत्या. केस बरेच पिकले होते. मला पाहून उठल्या, स्टूल पुसून दिलं. म्हणाल्या, पाणी ताजं भरलंय, देऊ? मग स्वतःच हसल्या.

मी आकडे सांगितले. बहिणीची विहीर बेचाळीस. म्हातारीची एकेचाळीस. खालच्या गावाची विहीर छत्तीस. त्यांनी शिवण थांबवली आणि म्हणाल्या, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितले. त्या तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत राहिल्या. ती पोर आता बालवाडीत जाते म्हणाल्या, जिभेला हाड नाही, मोठ्या माणसांना उलट विचारते. बहीण आता बोलते. पहिल्यांदा आली ती न सांगताच आली, आणि भांडूनच गेली, पण आली.

मग पँट घडी उलगडून त्यांनी टेप लावली आणि म्हणाल्या, भाऊ, ही तर बरोबर आहे की. तेव्हा मला बोलणं भाग पडलं. मी म्हटलं, त्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं. मला शंका आली होती. आठ-नऊ वर्षं आधीच आली होती. मी 'होय' लिहिलं असतं तर कदाचित सगळं तुमच्या एकटीवर आलं नसतं, लॅबवरही आलं असतं, फाइल कदाचित—

त्यांनी हाताने थांबवलं.

"फाइलचं काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "माझं जायचं ते गेलंच असतं, आणि तुमचंही गेलं असतं. तुम्ही 'नाही' लिहिलंत ते मी तेव्हाच वाचलं होतं. नोकरीसाठी मला वाईट नाही वाटलं भाऊ. मला वाटलं होतं, त्या कागदावर आपण दोघं असू. बावीस वर्षं प्रत्येक कागदावर दोन सह्या होत्या ना. त्या एकाच कागदावर मी एकटी होते."

त्यांनी पँटची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मला उठायला त्रास नको म्हणून त्या मशीनच्या या बाजूला आल्या होत्या.